शहाण्णवची टकटक

"छान आहे, सर," दिग्दर्शिका म्हणाली, आणि मी पेनाचं टोपण काढलं.

चाल ऐकून कोणी "छान आहे" म्हणालं की गाणं हातचं गेलं असं धरून चालावं. हे माझं मत नाही, नोंद आहे. दादाच्या प्रत्येक चालीची एक आडवी ओळ मी वहीत लिहिते. तारीख, प्रसंग, सूर, वेग, सुरुवात कशी झाली, आणि शेवटच्या रकान्यात पहिल्या ऐकणाऱ्याने काय केलं. काय म्हणाला ते नाही, काय केलं ते. तोंडाने माणूस काहीही म्हणतो. ज्याला चाल खरंच लागते त्याचा चहा गार होतो, किंवा तो "परत लावा" म्हणतो, नाहीतर सरळ भांडायला उठतो. एका निर्मात्याने ऐकता ऐकता आमच्या सोफ्याच्या हाताची शिवण पार उसवून ठेवली होती. ते गाणं पुढे दोन वर्षं लोकांच्या तोंडी होतं, आणि सोफा अजून तसाच आहे. काही न करता नुसतं "छान आहे" म्हटल्याची नोंद माझ्या वह्यांत त्या मंगळवारपर्यंत तीनदा होती. तिन्ही गाणी दुसऱ्याकडे गेली.

ही चौथी.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. जगासाठी तो मोठा संगीतकार. सिनेमाच्या जाहिरातीत कधी कधी नटापेक्षा त्याचं नाव ठळक असतं, आणि ते किती ठळक आहे हे तो चष्मा लावून तपासतो. एकतीस वर्षांपूर्वी त्याचं अक्षर त्यालाच वाचता येईना, म्हणून स्वर लिहून द्यायला मी दोन महिन्यांसाठी आले. ते दोन महिने अजून संपायचे आहेत. माझं सगळं टिपून ठेवणं बघून त्याने मला "जनगणना" असं नाव ठेवलं. आता वाजवणारेसुद्धा मला जनगणनाताई म्हणतात. मी ओ देते.

"मुखड्यातली ती उडी कळली ना?" दादा खुर्चीत रेलून पाय हलवत म्हणाला. "तुमच्या बाईसाठी खास टाकलीय."

"हो सर. छान आहे," दिग्दर्शिका पुन्हा म्हणाली आणि तिने फोनकडे पाहिलं. दोनदा. मी लिहून घेतलं.

तिचा सिनेमा पंचावन्न वर्षांच्या एका बाईचा होता. ती आयुष्यात पहिल्यांदा पोहायला शिकते. तलावाच्या कडेची दांडी सोडून ती पहिल्यांदा पाण्यात पुढे जाते, तिथे हे गाणं येणार होतं. सिनेमाचा सगळा डोलारा त्या चार मिनिटांवर उभा होता. दिग्दर्शिकेचं वय पस्तिशीच्या आतलं, हा तिचा दुसराच सिनेमा, आणि दादाच हवा म्हणून ती निर्मात्यांशी भांडून आली होती.

मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. बुटाची नाडी बांधायला तिला फारच वेळ लागला. बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधणाऱ्या माणसाला काहीतरी बोलायचं असतं. मी थांबले.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते तू विचारल्यावर बघू."

"सरांचं आता... तेच तेच व्हायला लागलंय का?" एवढं बोलून तीच दचकली. "म्हणजे, मी शाळेत असताना सरांचं गाणं लागलं की आमची आई हातातली सुरी ठेवून रेडिओपाशी यायची. मला ते हवंय. आज ऐकताना वाटत होतं, हे मी ऐकलंय."

"चोरी म्हणतेस?"

"नाही हो! सरांचंच ऐकलंय. कुठलं ते सांगता येत नाही, पण ऐकलंय." मग तिने एका दमात उरकून टाकलं. "निर्मात्यांनी दुसरा संगीतकार बघून ठेवलाय. मी सोमवारपर्यंत थोपवलंय. सोमवारी दुसरी चाल मिळाली तर ठीक, नाहीतर अख्खा सिनेमा तिकडे. सरांना हे मला सांगवणार नाही. तुम्ही सांगाल?"

"तू सोमवारी दहाला ये," मी म्हटलं. "आणि ती नाडी सैल कर, पाय निळा पडेल."

आता, दादाचा ताजेपणा संपला हे मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. वर्तमानपत्रांनी ते मी आल्यानंतरच्या नवव्या वर्षी लिहिलं होतं आणि सतराव्या वर्षीही लिहिलं होतं. सतराव्या वर्षाचं तर इतकं दणक्यात लिहिलं होतं की ते वाचून मलाच वाईट वाटलं. पुढच्याच महिन्यात दादाने वाळवंटातल्या एका सिनेमाचं संगीत दिलं, तेव्हा ते लिहिणाऱ्याच गृहस्थांनी "पुनर्जन्म" असा मथळा दिला. मेल्याशिवाय पुनर्जन्म होत नाही, म्हणून आधी मारावं लागतं, एवढाच त्या धंद्याचा हिशेब. कात्रणं माझ्याकडे आहेत. त्यांचं मी मनावर घेत नाही.

पण या मुलीला दादाची बदनामी करून काही मिळायचं नव्हतं. उलट तिला तो हवा होता. अशा माणसाने "ऐकलंय" म्हटलं की कान द्यावा.

मी वर गेले. आमचं काम घराच्या खालच्या मजल्यावर चालतं आणि वर दादा-वहिनी राहतात. वहिनी ओट्यापाशी कपबश्या पुसत होत्या.

"काय म्हणाली पोरगी?"

"छान आहे म्हणाली."

वहिनींनी बशी खाली ठेवली. त्यांना माझ्या रकान्यांची माहिती आहे. "मग गेलंच म्हणा की, वन्सं."

"तुम्हाला कशी वाटली चाल?"

"कुठली?" वहिनी म्हणाल्या. "खरं सांगू? पूर्वी खाली काही नवीन सुरू झालं की माझा हात थांबायचा. दूध उतू गेलंय कितीदा. आता नवीन कधी सुरू होतं आणि मागचं कधी संपतं, वरून कळतच नाही. मी म्हटलं, माझेच कान गेले असतील, वय झालं." त्यांनी बशी पुन्हा उचलली. "दूध मात्र आठ वर्षांत एकदाही उतू गेलं नाही."

आठ वर्षं. मला वहीत दिसलं नव्हतं ते वहिनींच्या दुधात होतं.

बुधवारी आणि गुरुवारी मी कपाटातल्या सगळ्या वह्या काढून जमिनीवर मांडल्या. एका बाजूला पहिली तेवीस वर्षं, दुसऱ्या बाजूला शेवटची आठ. मला वाटलं होतं, दादा आळसावला असेल. मोठी माणसं आळसावतात, आणि आजूबाजूचे त्याला प्रगल्भता म्हणतात. पण वेगाच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि ते जागीच थांबलं. पहिल्या तेवीस वर्षांत एकाच वेगाची गाणी कुठल्याही एका वर्षात तीनपेक्षा जास्त नव्हती. शेवटच्या आठ वर्षांत अठ्ठावन्न गाणी, त्यांतली एकोणपन्नास मिनिटाला शहाण्णव ठोक्यांची. सूर बहुतेकांचा तोच. अंतरा येण्याआधीची वाद्यंही तीच, त्याच क्रमाने. मी स्वतः ओळीखाली ओळ लिहीत गेले होते आणि एकदाही मान वर करून वरची ओळ वाचली नव्हती.

"सुरुवात कशी झाली" या रकान्यात पूर्वी काय काय होतं! "जिना चढताना, धापा टाकत." "दाढी करताना, गाल कापला." "वहिनींशी भांडताना, मधूनच उठून." "दातांच्या डॉक्टरांकडे, तोंड उघडं असताना." आणि गेली आठ वर्षं: खुर्चीत. खुर्चीत. खुर्चीत. पुढे पुढे मी कंटाळून नुसत्या टिंबांच्या जोड्या दिल्या होत्या.

मग मी तो दिवस शोधला. आठ वर्षांपूर्वी दादाचं एक गाणं असं चाललं की दुकानात, रिक्षात, लिफ्टमध्ये, कुठेही गेलं तरी तेच. त्या गाण्याच्या ओळीखाली लाल शाईत नोंद होती, माझ्या अक्षरात.

"आजपासून नव्या चालीसाठी संगणकावर कोरी फाइल उघडायची नाही. हीच उघडावी, चाल पुसावी, बाकी वेग-वाद्यांची मांडणी तशीच ठेवावी. दर वेळी पाऊण तास वाचेल. सूचना माझी."

"माझी"खाली दोन रेघा होत्या.

मी वही मिटली. जरा वेळाने पुन्हा उघडून पाहिली. रेघा दोनच होत्या.

शुक्रवारी सकाळी दादा यायच्या आत मी भाच्याला गाठलं. हा दादाच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, वय चाळीस, पोट त्याहून थोडं मोठं. रेकॉर्डिंगचं सगळं यंत्र तो सांभाळतो.

"नवी चाल सुरू करताना तू फाइल कुठली उघडतोस रे?"

"मागची, मावशी. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

"ते आठ वर्षांपूर्वी!"

"मग बंद कर म्हणून नंतर कुठे सांगितलंत? मी आज्ञाधारक माणूस." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. फाइलवर अजून त्या जुन्या गाण्याचंच नाव होतं. फक्त पुढे अठ्ठावन्न असा आकडा लागला होता.

"नावसुद्धा बदललं नाहीस?"

"शेवटचा आकडा बदलतो की."

त्याने बटण दाबलं. टक, टक, टक, टक. वाजवणाऱ्यांना वेग कळावा म्हणून लावतात ती टकटक. घड्याळ लावायचीही गरज नव्हती. शहाण्णव.

"आणि ही कधी सुरू करतोस?"

"मामा खुर्चीत बसला की लगेच."

"चाल सुचायच्या आधी?"

हा प्रश्न भाच्याला कधी कोणी विचारला नव्हता, आणि त्याने स्वतःला तर नाहीच. "त्याचं काय आहे, मावशी... टकटक नसली की मामा खिडकीबाहेर बघत बसतो. अर्धा अर्धा तास. सुरू केली की लगेच गुणगुणायला लागतो. मला वाटलं, वेळ वाया जातोय."

माझा पाऊण तास आणि त्याचा अर्धा. दोघांनी मिळून दादाचा सवा तास वाचवला होता, दर चालीला, आठ वर्षं. त्या सवा तासात तो काय करायचा, हे कोणी विचारलं नव्हतं.

दादाला सांगायचं कसं, हा पेच होता. वहिनींचं मत लगेच तयार. "ह्यांना सांगूच नका. सांगितलंत की दोन तास भाषण ऐकाल, यंत्राने कलेचा कसा घात केला म्हणून. गुपचूप टकटक बंद करा, कोरी फाइल ठेवा. होईल आपोआप."

मलाही ते पटलं, कारण त्यात माझ्या दोन रेघा कुठे येत नव्हत्या.

शनिवारी दादा येऊन खुर्चीत बसला. खोलीत शांतता. त्याने भुवई उचलली.

"टकटक कुठे गेली?"

"यंत्राची देखभाल चाललीय, मामा," भाचा म्हणाला. खोटं बोलताना त्याची मान लाल होते.

"बरं," दादा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. पलीकडच्या गच्चीवर एक माणूस पाण्याची टाकी घासत होता. दहा मिनिटांनी दादाचा पाय हलायला लागला, ओठ हलायला लागले, आणि चाल आली. मी वहीखाली घड्याळ धरलं.

शहाण्णव.

त्याने ती पुसली आणि दुसरी धरली. शहाण्णव. तिसरीला पंच्याण्णव आले. मला आनंद झाला होता, तेवढ्यात लक्षात आलं की मध्ये त्याला खोकला आला होता.

जिन्यावरून वहिनींचा आवाज आला, "झालं का काही, की तेच आहे?"

"तेच म्हणजे?" दादाने मान वळवली. "काय तेच? तुम्ही तिघं सकाळपासून काय कुजबुजताय? याची मान का लाल आहे?"

यंत्र बंद करून भागणार नव्हतं. टकटक बाहेर नव्हतीच आता, ती दादाच्या पायात उतरली होती. आणि सोमवारला दोन दिवस उरले होते.

मी आठ वर्षांची ती वही त्याच्यासमोर ठेवली. दिग्दर्शिका काय बोलली ते सांगितलं. दुसरा संगीतकार तयार आहे, सोमवारची मुदत आहे, अख्खा सिनेमा जाऊ शकतो, सगळं. मग लाल शाईचं पान उघडलं.

मला वाटलं, तो वेगाचे आकडे बघेल आणि यंत्रावर घसरेल. तो आकड्यांकडे गेलाच नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्याने जुन्या वह्याही मागवल्या आणि "सुरुवात कशी झाली" हा एकच रकाना वाचत बसला. दातांच्या डॉक्टरांपाशी त्याला हसू आलं. मग खुर्चीत, खुर्चीत, आणि टिंबं.

"ही टिंबं काय?"

"वरच्यासारखंच, असं."

"किती वर्षं?"

"आठ."

त्याने टिंबांच्या रांगेवरून बोट खालपर्यंत नेलं. मग शांतपणे म्हणाला, "तू हे आठ वर्षं लिहिलंस, आणि मला एकदाही सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"हळूहळू मरणाऱ्याने विचारायचं असतं होय? माझ्या नाकाखाली बसून टिंबं काढतेस, आणि वर 'विचारलं नाहीस'? अगं जनगणना, मोजणं सोपं आहे. मला एकदा हाक मारायची होतीस, 'दादा, ऊठ त्या खुर्चीतून' म्हणून. तुझं एक वाक्य लागलं असतं."

त्याचं बरोबर होतं. दादाला उलट बोलायला मी कधी घाबरले नाही. पण नोंद केली की माझं काम झालं, असं मी धरून चालले होते. दोन रेघांची लाज वाटली त्यापेक्षा याची जास्त वाटली.

"चुकलं," मी म्हटलं.

"हे लिहून ठेव," दादा म्हणाला. म्हणजे राग उतरायला लागला होता. त्याने खुर्ची पायाने ढकलली, ती गोल फिरत भिंतीला जाऊन आपटली. "आता मला सांग, ती बाई दांडी सोडते म्हणजे नक्की काय करते?"

"मला काय माहीत? मला पोहता येत नाही."

"मलाही नाही. मला तर बादलीत वाकायची भीती वाटते." त्याने भाच्याकडे पाहिलं. भाचा म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस मामा, मी तरंगेन फक्त."

"म्हणजे पोहणाऱ्या बाईचं गाणं कोण करतंय, तर तीन कोरडे लोक!" दादाने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं, तुला येतं ना पोहता?"

"लग्नाआधीपासून," वरून उत्तर आलं. "आणि लग्नानंतर दर उन्हाळ्यात 'चला' म्हणते, ते तुम्हाला ऐकू येत नाही."

रविवारी सकाळी आठला आम्ही सार्वजनिक तलावावर होतो. मोठ्या माणसांच्या शिकाऊ तुकडीची वेळ. मी कडेच्या बाकावर, वही प्लास्टिकच्या पिशवीत. पाण्याला औषधाचा उग्र वास, आणि फरशी इतकी निसरडी की शिट्टी गळ्यात अडकवलेली शिकवणारी बाई प्रत्येकाला "हळू! हळू!" असं ओरडूनच सांगत होती. दादा उसनी रबरी टोपी घालून आला, तेव्हा वहिनींना भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

शिकवणाऱ्या बाईने दादाला ओळखलं नाही, हा दिवसाचा पहिला शुभशकुन. "ओ काका, टोपी कानावर घ्या. दांडी धरा. तोंड पाण्यात, श्वास बाहेर. नाकाने नाही हो, तोंडाने! तोंड कशाला दिलंय?"

ज्याने अर्ध्या जगातल्या गायकांना श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं, त्याच्या नाकातोंडात पाणी जात होतं. पहिल्या अर्ध्या तासात त्याने दांडी अशी धरली होती की ती उपटून घरी येईल असं वाटावं. शेजारून वहिनी निवांत पाठीवर तरंगत गेल्या आणि म्हणाल्या, "सोडा की आता, संगीतकार."

त्याने सोडली. चार हात मारले आणि थांबला. घाबरून दोन मारले, पुन्हा थांबला. मग किती वेळ तो नुसताच पाण्यावर होता, ना पुढे ना मागे. मला तो वेळ फार मोठा वाटला. मग बुडाला, बाईने दंडाला धरून वर काढला, आणि खोकत, शिंकत, डोळे लाल झालेला माझा आतेभाऊ ओरडला, "जनगणना! लिही!"

आणि तो गायला लागला. मध्ये मध्ये खोकत. एक ओळ पुढे जायची आणि श्वास संपला की थांबायची. पुढची घाईघाईने अर्ध्यातच तुटायची. तिसरी कुठे टेकायचीच नाही, वरच्या सुरावर नुसती तरंगत राहायची. प्रत्येक थांबा वेगळ्या लांबीचा. मी लिहीत होते, पान भिजत होतं, घड्याळ काढायचं सुचलंच नाही. काढून उपयोगही नव्हता, त्याला वेग असा नव्हताच.

"काका, गाणं बाहेर!" शिट्टी वाजली. "इथे लोक शिकायला येतात!"

"मीसुद्धा," दादा म्हणाला.

दुपारी भाच्याने कोरी फाइल उघडली. सगळी मांडणी नव्याने करायला पन्नास मिनिटं लागली. तेवढ्या वेळात दादा खिडकीबाहेर बघत होता आणि त्याने तिसरी ओळ बदलली. तबलजीला, ज्याला आम्ही ठेकेदार म्हणतो, हे प्रकरण झेपेना.

"दादा, सम कुठे धरू? ही चाल मला सोडून सारखी कुठेतरी जातेय."

"तू धरूच नकोस. तिच्या मागून चाल. ती बुडायला लागली तरच हात दे."

"माझ्या पस्तीस वर्षांत..." ठेकेदार म्हणाला आणि डोकं हलवत वाजवायला बसला. चौथ्या खेपेला त्याने डोकं हलवायचं थांबवलं.

सोमवारी दहाला दिग्दर्शिका आली. या वेळी बूट नव्हते, साध्या चपला होत्या. पळून जायला सोयीच्या, असं माझ्या मनात आलं. चाल दादाच्याच आवाजात होती, शब्दांच्या जागी नुसतं ला-ला. शेवटचा रकाना उघडून मी पेन घेऊन बसले.

पहिली ओळ थांबली. दिग्दर्शिकाही थांबली. म्हणजे तिने श्वास रोखून धरला. दुसरी ओळ तुटली तेव्हा सोडला. तिसरी तरंगायला लागली तेव्हा तिचे गाल फुगले, फुगलेच राहिले, आणि गाणं पुढे सरकल्यावर तिला अशी धाप लागली की भाच्याने पाण्याचा पेला पुढे केला. फोन पिशवीतच होता. जिन्यात वहिनी उभ्या होत्या, हातात दुधाचा चमचा. वरून करपल्याचा वास येत होता.

गाणं संपलं.

"शेवट चुकलाय, सर," दिग्दर्शिका म्हणाली.

मी इतकं जोरात "अहाहा" म्हटलं की सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काय चुकलाय?" दादाचा आवाज चढला.

"तुम्ही शेवटी षड्जावर आणून ठेवलंत. ती पलीकडे पोचली असं वाटतं. ती पोचत नाही! ती अर्ध्यातून परत दांडीकडे येते."

"परत येते? मग दांडी सोडली कशाला? माझं गाणं फुकट?"

"सर, पोचली तर सिनेमा तिथेच संपतो!"

"मग संपव! बुडू की काय मी तुझ्यासाठी? कालच बुडून आलोय!"

पाऊण तास भांडण चाललं. तो पाऊण तास कोणी वाचवायचं नाव काढलं नाही. मध्ये दिग्दर्शिका उठून जिन्यात गेली आणि फोनवर निर्मात्यांना म्हणाली, "नाही, दुसरीकडे नको. इथेच. हो, पक्कं. नाही, अजून ठरलं नाही, भांडण चालू आहे. ठेवते." आत येऊन तिने चपला काढल्या, पाय वर घेऊन सोफ्यावर बसली आणि पुन्हा शेवटावर घसरली. उसवलेल्या हातापाशीच बसली होती.

शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: भांडली. दूध गेलं.

दादा शिळा होत चाललाय का, याचं माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं होतं. शहाण्णवची सवय त्याला लागली होती हे खरं, आणि ती एका रविवारी सुटलीय असं मी म्हणणार नाही. पण ती लावायला आम्ही घरची माणसं होतो, आणि सोडवायलाही आम्हीच लागलो. त्याचा गळा जागेवर होता.

मंगळवारी सकाळी दादा ओल्या केसांनी आला, कानात कापूस. खिशातून एक कार्ड काढून त्याने ऐटीत टेबलावर ठेवली. तलावाचा पास. वर्षभराचा.

"रोज आठ ते नऊ," तो म्हणाला. "आता सगळ्या चाली तिथेच. जागा सापडली मला."

"मस्त," भाचा म्हणाला. "परवाची मांडणी पण छान बसलीय, मामा. तीच ठेवू पुढच्यासाठी?"

माझ्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं. रकाना समोर होता. मी टोपण लावलं.

"दादा," मी म्हटलं, "नको. पुढचा सिनेमा कुलपं दुरुस्त करणाऱ्याचा आहे. त्याचा आणि पाण्याचा काय संबंध? उद्या तू तलावात खुर्ची टाकशील. आणि तू रे, छान-बिन काही बसलेलं नाही. कोरी उघड."

दादाने पासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं, पैसे भरलेत वर्षाचे."

"वाया नाही जाणार," वहिनी मागून येऊन म्हणाल्या आणि पास उचलून त्यांनी कमरेला खोवला. "फोटो तेवढा बदलून घेते."

"मग मी कुठे बसू?"

"बसूच नकोस," मी म्हटलं.

दादा पुटपुटत उठला, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. भाच्याने कोरी फाइल उघडली. मांडणीला पन्नास मिनिटं लागणार होती. पलीकडच्या गच्चीवरचा माणूस आज टाकीच्या झाकणाशी झटापट करत होता. झाकण काही निघत नव्हतं, आणि दादा ते अगदी मन लावून बघत होता.